रणगाड्याची भाऊबीज

"भाऊबीजेला कुणी असं भटकायला जातं का?" नवऱ्याने विचारलं. म्हटलं, भटकायला नाही, मामाला ओवाळायला चाललेय. मामा रणगाड्यावरचा तरुण अधिकारी, मी जन्मायच्या आधीच लढाईत गेला. आई आणि मावशी दर भाऊबीजेला त्याला ओवाळायच्या. आता आई राहिली नाही. मावशीचा फोन आला, "एकटीनं ताट धरवत नाय गं. तू ये." मग काय, निघाले!

नाशिकहून सिन्नरला एसटी भरपूर, पण सणाच्या दिवशी बसायला मिळेल ही आशा सोडा. सिन्नरला झणझणीत मिसळ हाणली आणि पुढे जीप पकडली, माणशी चाळीस रुपये. "रणगाड्यापाशी उतरायचंय," म्हटल्यावर ड्रायव्हरने गाणी बंद केली. "दिवेलागणीच्या आत निघा तिथून ताई," एवढंच म्हणाला.

गावाबाहेर, चौथऱ्यावर मामाच्या आठवणीसाठी जुना रणगाडा ठेवलाय. वरचं झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद. मावशी निरांजन लावून उभीच होती.

"ओवाळलं की आतून दोनदा टकटक येतं. सुट्टीवर आला की दार असंच वाजवायचा. ते ऐकल्याबिगर मी घरी जात नाय."

अगं बाई, उन्हात तापलेलं लोखंड संध्याकाळी गार होताना वाजणारच! पण हे मी मनातच म्हटलं. आज तर सकाळपासून ढग होते, लोखंड गारढोण. मावशीने ओवाळलं. काहीच नाही. वारा पडला, ज्योत हलेना.

"दादा, ताई नाय आली म्हणून रुसलास व्हय?" तिने पुन्हा ओवाळलं, मग पुन्हा. मला बघवेना. आपणच वाजवावं म्हणून मी गुपचूप रणगाड्यामागे गेले, डावा हात टेकवला, उजव्याची बोटं दुमडली.

टक. टक.

माझ्या डाव्या तळहाताखाली, आतून. मी अजून वाजवलंच नव्हतं.

"आला गं बाई!" पलीकडे मावशी रडतही होती, हसतही होती. मी हात झटकन काढून घेतला.

जीपमध्ये बसवताना ती हळूच म्हणाली, "मागं कशाला गेलीस, कळलं मला. तुझी आईबी एकदा अशीच मागं गेली व्हती. परत कधी नाय गेली."

घरी पोचले, पण बेलवर बोट ठेवलं आणि तशीच थांबले. सुट्टीवर आलेला माणूस बाहेरून दार वाजवतो. मामा आतून वाजवतोय, इतकी वर्षं. आणि आम्ही ओवाळून परत येतो.