तांबोळीबाईंचा चौथा मजला

तांबोळीबाईंना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स बसायची. चहा उभ्याने, डबाही उभ्याने. मी त्याच कार्यालयातर्फे वस्त्यांमधल्या बायकांना शिवण शिकवायचे, म्हणजे माझा सगळा धंदाच बैठा. पहिल्याच दिवशी मी त्यांना बसा म्हटलं, तर म्हणाल्या, ‘‘तुम्ही बसा. दोघी बसलो तर लोकांना लग्नाचा हॉल वाटेल.’’ मला राग आला होता. पुढे तो राग कधी गेला, कळलंही नाही.

शमीम तांबोळी मूळच्या शनिवार पेठेतल्या. त्यांचं मराठी इतकं पेठी होतं, की समोरचा आपोआप सरळ उभा राही. त्या समूहसंघटिका होत्या. वस्तीतली एकटी म्हातारी माणसं, अपंग, टाकलेल्या बायका शोधायच्या आणि पालिकेच्या योजना त्यांच्यापर्यंत पोहोचवायच्या, हे त्यांचं काम. दारात गेल्यावर त्या तब्येत विचारत नसत. एकच विचारत, ‘‘रात्री हाक मारलीत तर कोण येतं?’’ उत्तर पटकन आलं तर पुढचं घर. समोरचा अडखळला, तर बाई शेजारचं दार वाजवून तिथल्या माणसाला बाहेर काढत. ‘‘भांडायला ओळखता ना एकमेकांना? मग आजारपणातही ओळखा,’’ असं सुनावत. लोक वैतागत, पण ऐकत.

विश्रांतवाडीच्या वस्तीत सोनाबाई राहायच्या. वाशीमकडून मुलाबरोबर बांधकामावर आलेल्या. मुलगा पुढे कुठे निघून गेला ते कळलं नाही, आणि मागोमाग डोळेही गेले. शेजारच्या खोलीत कमल. ती एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. सकाळी जाताना आपली पोरं सोनाबाईंकडे सोडायची, येताना त्यांना भाजी-पोळी आणायची. दोन्ही घरांच्या मध्ये फक्त पत्रा होता. सोनाबाईंनी त्यावर वाटी आपटली की कमल हातातलं टाकून यायची. या घराची बाईंना कधी काळजी वाटली नाही.

मग संगणक कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या त्या रस्त्याने धावू लागल्या आणि रस्ता अपुरा पडायला लागला. वस्ती हलवून लोकांना पक्क्या इमारतींत खोल्या द्यायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. नशिबाने कमल आणि सोनाबाई समोरासमोर आल्या, पण चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. आंधळी बाई चौथ्या मजल्यावर, या विचाराने तांबोळीबाईंची झोप उडाली. त्या साहेबांच्या मागे लागल्या, अर्ज केले, वाद घातले आणि पलीकडच्या इमारतीतल्या एका कुटुंबाशी अदलाबदल करून सोनाबाईंना तळमजला मिळवून दिला. आम्ही कार्यालयात पेढे वाटले. पेढासुद्धा त्यांनी चालता चालता खाल्ला.

काही आठवड्यांनी आम्ही दोघी सोनाबाईंना भेटायला गेलो. खोली स्वच्छ होती, उजेडाची होती. सोनाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. पालिकेच्या योजनेतून येणारा डबा न उघडता पडला होता. त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. हातातली वाटी मात्र एका बाजूने पार चेपली होती, आणि भिंतीचा रंग तेवढ्याच जागी उडाला होता. भिंतीपलीकडे राहणाऱ्यांना वाटलं होतं, म्हातारी भ्रमिष्ट आहे.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘गावाला विचारत फिरले मी. हिला विचारायचंच राहिलं.’’ त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्या साहेबांपुढे उलटा अर्ज घेऊन उभ्या. साहेब म्हणाले, ‘‘आधी खाली म्हणालात, आता वर. शिडी देऊ का लावून?’’ एरवी याला बाईंनी सव्याज उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुन्हा अदलाबदल झाली, तेव्हा कमलच्या नवऱ्याने आणि वस्तीतल्या पोरांनी सोनाबाईंना खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावर नेलं. त्या जेवू लागल्या, बोलू लागल्या, कमलच्या पोरांना दटावू लागल्या. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण बाईंच्या डोक्यात ती संपेना. ‘‘मी तिला घर दिलं की कोंडून ठेवलं?’’ हे त्या मला बस-स्टॉपवर विचारत, शिवणवर्गात येऊन विचारत. मी कंटाळून म्हणायचे, झालं ते चांगलंच झालं. शेवटी त्यांनी सोनाबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘काहून इचारता बाई? इथं दार वाजवलं का कमल येते.’’ तेवढ्यानेही बाईंचं समाधान झालं नाही.

सोनाबाई गेल्या त्या दुपारी आम्ही पोहोचलो, तेव्हा प्रत्येक मजल्यावरची माणसं जिन्यात उभी होती. वळणावर तिरडी फिरेना, म्हणून ती हातोहात खाली उतरवली. कमल खूप रडली. मग बाईंजवळ येऊन म्हणाली, ‘‘परवा म्हणत होत्या, मले येकदा खाली ने व कमल, मातीत पाय ठिवू दे. मी म्हटलं, रविवारी नेते.’’

कमलचा काही दोष नव्हता आणि बाईंचाही नव्हता, असं मला आजही वाटतं. पण बाई घरी गेल्या नाहीत. तिथेच इमारतीच्या पोरांना गोळा केलं, वरच्या मजल्यांवर कोण कोण अडकलंय ते त्यांच्याकडून काढून घेतलं आणि बजावलं, दर रविवारी सकाळी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून अंगणात आणायचं. पोरं कुरकुरली. बाई स्वतः पहिली खुर्ची धरायला वाकल्या, तेव्हा लाजून पुढे आली.

निवृत्तीनंतर बाई मुलाकडे बंगळूरला गेल्या. तिथे त्या कितव्या मजल्यावर राहतात, हे त्या सांगत नाहीत. रविवारी दुपारी मी त्या इमारतीतून परतले की त्यांचा फोन येतो. माझे गुडघे कसे आहेत, हे विचारायची पद्धत नाही. त्या विचारतात, पोरांनी उतरवलं का सगळ्यांना? मी हो म्हणते. सगळे खाली आले, असं सांगते.

‘‘सगळे खाली आले म्हणू नका,’’ त्या म्हणतात. ‘‘वर कोण राहिलं, ते सांगा.’’