नीतिशास्त्राच्या पेपरातला चौथा प्रश्न

तुमच्या मुलीला वर्गसमीकरण सोडवता येतं, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. तुम्हीच तशी सोय केली आहे. पण तिला कोणी म्हणालं, अजून एक फोटो पाठव, नाहीतर पहिला तुझ्या अख्ख्या वर्गाला दाखवतो, तर काय करायचं, हे तिला येतं का? आणि तुम्हाला?

दक्षिण कोरियातल्या दैगू शहराच्या पूर्वेकडे कू मालसुनचं दुकान ज्या रस्त्यावर आहे, तिथल्या कुठल्याही आईला हे विचारलं असतं, तर तिने आधी एवढंच विचारलं असतं, हा परीक्षेला आहे का? त्या रस्त्यावर शाळा एक आणि शिकवणीचे क्लास एकोणीस. जे परीक्षेला नाही ते तिथे जगातच नाही.

मालसुन चौथी मुलगी. तिचं नाव आजोबांनी 'ही शेवटची' अशा अर्थाने ठेवलं. मराठी घरात नकोशी ठेवतात, त्याच जातीचं. पंधराव्या वर्षी ती कापडगिरणीत लागली. तिथल्या मुकादमाबद्दल तिने पुढे पस्तीस वर्षं चकार शब्द काढला नाही, कारण दोष आपलाच, अशी तिची पक्की समजूत होती. ती समजूत चुकीची आहे हे तिला कोणी सांगितलं नाही. तिने स्वतःच वाचून काढलं, एक्कावन्नाव्या वर्षी, कायद्याचं पुस्तक एका हातात आणि शब्दकोश दुसऱ्या हातात धरून. मग महिला केंद्रात शंभर तासांचा अभ्यासक्रम केला आणि मुलांपुढे व्याख्यान देण्याचं प्रमाणपत्र मिळवलं. ते दुकानाच्या परवान्याशेजारी टांगलं आहे. दोन्हींवर तेलाचे सारखेच डाग आहेत.

दुकानात सहा टेबलं. तांदळाच्या बोटभर लांब वड्या तिखट लाल रश्शात रटरटत असतात, त्याला तोकबोकी म्हणतात. शाळा सुटल्यावर आणि क्लास भरण्याआधी जी पस्तीस मिनिटं मुलांना माणूस म्हणून जगायला मिळतात, ती मुलं इथे घालवतात. मालसुन सगळ्यांची मावशी. भिंतीवर लिहायची परवानगी आहे, म्हणून बावीस वर्षांतल्या पोरांनी भिंत भरून टाकली आहे. कोणाचं कोणावर प्रेम आहे, गणिताचे सर कोणत्या प्राण्यासारखे दिसतात, असा सगळा थोर मजकूर.

एप्रिलच्या सुरुवातीला कोपऱ्यातल्या टेबलाजवळ, अगदी खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ आली. 'फोटो आपणच पाठवला असेल तर आपल्यालाच शिक्षा होते का?'

मालसुनने ती रात्रभर डोक्यात घोळवली नाही. लगेच मार्कर घेतला आणि खाली लिहिलं, 'नाही. मावशीला येऊन सांग.' दुसऱ्या दिवशी दोन्ही ओळी खोडलेल्या होत्या. मार्कर पुसला जात नाही, म्हणून तो नाण्याने खरवडून काढला होता. त्या टेबलावर दिवसाला चाळीस मुलं बसतात. कोण, ते कळायला मार्ग नव्हता. एवढंच कळत होतं, की समोरच्या शाळेतल्या सहाशे मुलांपैकी एकाला कोणीतरी धरून ठेवलं आहे आणि ते मूल वाट बघतंय ती शिक्षेची.

म्हणून शाळेच्या आरोग्यशिक्षिका सोल बाई वार्षिक व्याख्यानाचं विचारायला दुकानात आल्या, तेव्हा तिने हातातला झारा खाली ठेवून हो म्हटलं. हे विषय वर्षाला पंधरा तास शिकवायचे, असा सरकारी नियम आहे. शाळा तो पाळते, म्हणजे रजिस्टरमध्ये पाळते. व्याख्याता प्रक्षेपणाच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसतो, वर्गावर्गातल्या टीव्हीवर दिसतो आणि मुलं त्याच्याखाली बसून गणितं सोडवतात. कोणाचाच वेळ वाया जात नाही.

उपमुख्याध्यापक प्यो सरांनी आधी व्याख्यानात दाखवायची तिची चित्रं तपासली.

"कू बाई, हा शब्द काढा."

"कुठला?"

"हा. आणि हा. हे चित्रही नको."

"सर, तो नकाशा आहे. पोलीस चौकीचा."

"पोलीस म्हटलं की पालक घाबरतात. घाबरले की फोन करतात. मागच्या वर्षी एका व्याख्यात्याने 'गर्भ' म्हटलं, मला अकरा फोन आले."

"आणि वयाचं? सोळा वर्षांच्या आतल्या मुलाने हो म्हटलं, तरी समोरच्या मोठ्या माणसाला ते 'हो' चालत नाही, गुन्हा त्याचाच. हे तर कायद्यात छापलंय."

"छापलेलं असू दे. मुलांना सांगितलं की त्यांच्या डोक्यात विचार येतील."

"त्यांच्या डोक्यात काय आहे, ते माझ्या भिंतीवर वाचायला या एकदा. वड्या मी खाऊ घालते."

प्यो सरांनी चष्मा पुसला. तीस चित्रांपैकी चार उरली होती. "पहिलं छान आहे," ते म्हणाले. "'माझं आयुष्य अनमोल.' फुलंही आहेत."

व्याख्यान सहामाही परीक्षेच्या दहा दिवस आधी, दुपारच्या सहाव्या तासाला लागलं. मालसुनने भाच्याच्या लग्नातलं निळं जाकीट घातलं होतं. खोलीत ती, सोल बाई आणि एक कॅमेरा. खिडकीतून अंगणापलीकडची वर्गांची इमारत दिसत होती. चार मजले. मालसुन आयुष्य अनमोल असल्याचं सांगत होती आणि चारही मजल्यांवर तिला फक्त डोक्यांचे भोवरे दिसत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका शिक्षकाने तर उठून टीव्हीचा आवाज बारीक केला. मुलांचं लक्ष विचलित होत होतं.

त्यातलं एक डोकं त्या कोपऱ्यातल्या टेबलावरचं होतं.

मालसुनचा संताप चटकन येतो, पण त्या दिवशी तो सावकाश आला आणि येताना अक्कल घेऊन आला. तिने फुलांचं चित्र बाजूला सारलं आणि कॅमेऱ्यात बघून शांतपणे म्हणाली, "आता पुढचं लिहून घ्या. नीतिशास्त्राच्या पेपरात चौथा प्रश्न यावरच आहे."

पलीकडचे चार मजले एकदम वर झाले. सहाशे चेहरे. आवाज बारीक करणारे शिक्षक धावत जाऊन तो मोठा करताना दिसले.

"मावशी, हे खरं आहे?" सोल बाई कॅमेऱ्याच्या मागून कुजबुजल्या.

"अजून नाही," मालसुन ओठ न हलवता म्हणाली आणि पुढे सुरू झाली. "एक. एकोणीस वर्षांच्या आतल्या मुलाकडे कोणी तसला फोटो मागितला, तर मागणं हाच गुन्हा. दोन. मुलाने तो पाठवला असेल, धमकीने, लाडीगोडीने, किंवा स्वतःच्या मूर्खपणाने, तरी ते मूल गुन्हेगार नाही. पोलीस त्याला पकडत नाहीत. पुन्हा सांगते, हे नक्की येणार आहे. पाठवणारं मूल गुन्हेगार नाही. तीन. धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत, तो पुरावा आहे. चार. मदतीचा नंबर, एक-तीन-सहा-सहा. पाठ करा."

दारावर थाप पडली. बाहेर प्यो सर होते. सोल बाई दाराशी गेल्या, कडीला हात लावला आणि म्हणाल्या, "सर, कडी अडकलीये." नोकरीला लागून त्यांना दोनच वर्षं झाली होती. कडी सव्वीस मिनिटं अडकली.

संध्याकाळपर्यंत शाळेत फोन सुरू झाले. प्यो सरांनी पहिला उचलला तो अकराच्या अकरा उत्तरं मनात तयार ठेवून. पलीकडची आई चिडलेलीच होती. "सर, माझ्या मुलाने तिसरा मुद्दा अर्धवट लिहिलाय. टिपणं कुठे मिळतील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी किल सरांच्या क्लासने पुस्तिका काढली. 'संमती, कायदा व सुरक्षितता: संभाव्य चाळीस प्रश्न, उत्तरांसह.' किल सर आयुष्यभर भूमिती शिकवत आलेले, पण बाजार ओळखणारे. कायदा त्यांनी इतका अचूक छापला, की शिक्षण खात्याने लाजावं. मुलं रस्त्याने जाताना एकमेकांना घोकून दाखवू लागली. "गप्प बसणं म्हणजे संमती?" "चूक!" "प्रेयसीचा फोन तपासणं?" "तीन गुण!"

प्यो सरांनी मालसुनला बोलावून घेतलं. "तुम्ही शाळेच्या नावावर खोटं बोललात."

"बोलले. मग जाहीर करा, प्रश्न येणार नाही म्हणून."

सहाशे घरांत मुलांनी दोन-दोन तास घोकलं होतं. ते तास गणितातून कापले होते. आता प्रश्न येणार नाही म्हटलं, तर किती फोन येतील, याचा हिशेब प्यो सरांच्या चेहऱ्यावर उमटत गेला. ज्या भीतीने त्यांनी सव्वीस चित्रं काढली होती, तीच भीती आता दुसऱ्या बाजूने येऊन उभी होती. त्यांनी नीतिशास्त्राच्या शिक्षकांना चौथा प्रश्न बदलायला सांगितलं.

"पण तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही," ते म्हणाले.

"बरं," मालसुन म्हणाली. तिला हवं होतं ते अजून झालं नव्हतं. कोपऱ्यातली भिंत कोरीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना, एक बाई आत आली. दवाखान्यात नोंदणी करणाऱ्यांचा गणवेश, हातात गुंडाळी केलेली किल सरांची पुस्तिका. मागे शाळेच्या वेळात शाळेत नसलेली मुलगी, आठवीतली ओ दानबी. मालसुन तिला ओळखत होती. पूर्वी दोन वाट्या संपवायची, हल्ली फोन पालथा घालून नुसती बसायची.

"तुम्हीच ना त्या?" आईने विचारलं. "एक-तीन-सहा-सहा. तिथे फोन केला तर उचलतं कोण? बाई की बाप्या?"

"बाई. बसा आधी."

ती बसली नाही. "मी हिची तयारी घेत होते. काल, जेवताना. मी वाचते, ही उत्तर देते, तसंच करतो आम्ही. प्रश्न अकरावा. चौदा वर्षांच्या मुलीने धमकीमुळे फोटो पाठवला. गुन्हेगार कोण? पाच पर्याय. ही म्हणाली, दोन. मागणारा. मी म्हटलं बरोबर, पुढचा." तिने पुस्तिका उलगडून तो प्रश्न दाखवला. "तर ही म्हणते, खरंच दोन? मी म्हटलं, अगं दोनच, मागे छापलंय. तर परत म्हणते, आई, नीट बघ ना, खरंच दोन? मी वाटीतच बघत होते, मावशी. सूप गार होतंय म्हणत होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मान वर केली."

दानबी जमिनीकडे बघत होती. "मी मेसेज पुसले नाहीत," ती हळूच म्हणाली. "तिसरा मुद्दा."

"शहाणी पोर," मालसुन म्हणाली. "भिंत खरवडलीस ती मात्र भरून द्यायची."

"सॉरी, मावशी."

"फोटो त्याच्याकडे आहे अजून," आई म्हणाली. "तेवीस-चोवीसचा आहे म्हणे. खेळात ओळख झाली. शनिवारी भेटायला बोलावलंय त्याने हिला."

मालसुनने गॅस बंद केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी दुकानाचं शटर खाली आलं. ती त्या दोघींबरोबर आधारकेंद्रात गेली. तिथून पोलिसांकडे. तो माणूस तेवीसचा नव्हता, एकतीसचा निघाला. शनिवारी ठरल्या जागी दानबीऐवजी दोन हवालदार गेले. त्याच्या फोनमध्ये ती एकटी नव्हती.

पेपर झाला. चौथा प्रश्न आला. निकालानंतर फोनही आले, पण ते पाचव्या पर्यायाच्या शब्दरचनेत अर्धा गुण गेला म्हणून. वर्षाच्या शेवटी नावीन्यपूर्ण उपक्रमासाठी प्यो सरांना खात्याकडून प्रशस्तिपत्र मिळालं; त्यांनी ते काचेत लावलं आहे, फुलांच्या चित्राशेजारी. मालसुनला कोणी बोलावलं नाही. ती वड्या ढवळते. पुढच्या वर्षी चौथा प्रश्न पुन्हा जुन्याच विषयावर आला आणि किल सर भूमितीकडे परतले.

कोपऱ्यातल्या भिंतीवर आता दानबीच्या अक्षरात मोठ्ठा 'दोन' लिहिलेला आहे. नवी मुलं विचारतात, हे काय, तर मावशी सांगते. पण ती एका रस्त्याला पुरते. तुमच्या गल्लीत ती नाही आणि किल सरांची पुस्तिकाही नाही. म्हणून आज जेवायला बसलात की अकरावा प्रश्न तुम्हीच वाचा, पाची पर्यायांसकट. नंबर तुमच्या गावचा सांगा. आणि पोराने उत्तर बरोबर दिल्यावरही परत 'खरंच?' असं विचारलं, तर कृपा करून ताटातून मान वर करा.