चिमटाताई सारख्या का उठतात

त्या कारखान्यात दागिन्यांवर खडे बसवायचं काम चाले. कामाच्या खोलीतून बाहेर पडायचं तर आधी दोन्ही तळहात उताणे करून दाखवायचे, केस सोडून झटकायचे, खिसे उलटे करायचे. दाराशी झडतीवाल्या बाई उभ्या असत. घशात काही अडकल्यासारख्या सतत खाकरायच्या, आणि त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

चिमटाताई तिथे लग्नाआधीपासून होत्या. चिमटा हातातून सुटायचाच नाही, म्हणून ते नाव पडलं. एरवी एकदा बसल्या की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान वर करायच्या नाहीत. पण त्या हिवाळ्यात त्यांचं उठणं सुरू झालं. लघवीला जाऊन बाकावर टेकतात न टेकतात तोच ओटीपोटात पुन्हा टोचायला लागे. धावत जावं तर चार थेंब, तेही जळजळत. सांगायचं कुणाला?

त्यातच शेजारच्या बाकावरचा एक निळा खडा गायब झाला. फरशी झाडली, बाक उलटे केले, पॉलिशच्या मशीनची धूळसुद्धा चाळली. खडा नाहीच. तोंडाने कुणी काही म्हटलं नाही, पण ताई उठल्या की खोलीतल्या कानशींची घासघास थांबायला लागली. मालक बाकापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, हल्ली तुमचं बाहेर जाणं फार वाढलंय."

त्या दिवसापासून ताईंनी पाणी तोडलं. कळ आली तरी दात आवळून बसून राहायच्या. शेजारचा पॉलिशवाला आपल्याकडे चोरून बघतो असं त्यांना वाटे. मग वाटे, खडा यानेच तर ढापला नसेल? कामातलं लक्ष उडालं, खडे तिरके बसू लागले. दुखणं मात्र वाढतच गेलं, आणि एके सकाळी लघवीतून रक्त आलं. तेव्हा कुठे त्यांनी घरी जावेपाशी तोंड उघडलं. जाऊ म्हणाली, "आजच्या आज दाखवून या. आमटी मी बघते."

दुपारची सुट्टी काढून ताई दवाखान्याकडे निघाल्या. चौकातल्या दुकानाच्या काचेत त्यांना मागे झडतीवाल्या बाई दिसल्या. ताईंनी रस्ता ओलांडला, बाईंनीही ओलांडला. ताई दवाखान्यात शिरल्या, तर बाई येऊन समोरच्याच खुर्चीवर बसल्या. आपण इथे कुणाला तरी खडा द्यायला आलोय, असंच बाईंना वाटत असणार. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर लागला तशा त्या उठल्या आणि बाईंना म्हणाल्या, "चला आत. मालकांना काय सांगायचं ते नीट ऐकून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी तपासायला दिली, आणि कागदावर एक पिशवी काढून दाखवली. मूत्रपिंडातून थेंब थेंब लघवी येते आणि ही पिशवी फुग्यासारखी ताणत जाते. बरीचशी भरली की नसा मेंदूला कळवतात. सोय होईपर्यंत मेंदू पिशवीच्या तोंडाचा स्नायू आवळून ठेवतो, मग तो सैल पडतो आणि पिशवी आकसून रिकामी होते. तुमच्या पिशवीला जंतूंमुळे आतून सूज आलीय, म्हणून ती रिकामी असतानाही भरल्याचा निरोप धाडते. "पाणी तोडलंत, तुंबवून ठेवलंत, म्हणजे जंतूंना मोकळं रानच दिलंत. गोळ्या पूर्ण घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायच्या नाहीत. आणि रक्त गेलंय, तेव्हा गोळ्या संपल्यावर पुन्हा तपासू."

ताई उठल्या. झडतीवाल्या बाई मात्र जागच्या हलेनात. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, खोकलं की माझी थोडी होते. धाकट्याच्या बाळंतपणापासून. तासन्‌तास उभं राहायचं काम, खाकरून खाकरून खोकला दाबते."

पिशवीला खालून आधार देणारे स्नायू बाळंतपणात सैल पडतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लघवी रोखताना जे आवळतो तेच आवळायचं आणि सोडायचं, रोज, काही महिने नेमाने. बऱ्याच जणींना एवढ्यानेच फरक पडतो.

परतताना चौकातला रस्ता दोघींनी बरोबरच ओलांडला. मग बाई म्हणाल्या, "मालकांनी पाठवलं होतं मला."

"ते कळलं."

"तुमचं आजारपण सांगीन त्यांना. माझं तुम्ही कुठे बोलू नका."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मालकांना खरं ते सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटल्यासारखं दिसलं नाही. गोळ्यांनी आठवड्याभरात ताईंची जळजळ थांबली, नंतरच्या तपासणीत रक्तही दिसलं नाही. बाकाशी त्या आता पाण्याची बाटली ठेवतात, आणि कळ आली की सरळ उठतात.

निळा खडा काही सापडला नाही. ताईंचा संशय अजून पॉलिशवाल्यावर आहे. त्याचा कुणावर आहे, हे त्यांनी विचारलेलं नाही.