नानांचं कुलूप

नाना कायमचे गावी राहायला आले, तेव्हा शिंगणापूरनं त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढली आणि मी कपाळाला हात लावला. मिरवणूक काढणारे आपापल्या घरी गेले. त्याआधी सगळ्यांचा चहा मात्र मला करावा लागला.

नाना म्हणजे माझ्या नवऱ्याचे, गोरक्षचे, सख्खे चुलते कानिफनाथ. पुण्याच्या एका फिल्म कंपनीत त्यांनी पाच चित्रं काढली. कथा त्यांची, संवाद त्यांचे, दिग्दर्शनही त्यांचंच. पडद्यावर नाव यायचं 'के. नाथ'. त्यामुळे पुण्यात लोकांना हा कुणी बंगालीबाबू वाटायचा आणि गावात 'हा आपलाच कानिफ' हे शपथेवर सांगावं लागायचं. पुढं कंपनी बुडाली, रंगीत चित्रं आली, नवे लोक आले. नाना काही वर्षं दुसऱ्यांचे संवाद दुरुस्त करत राहिले आणि एकाहत्तर साली एक ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरले.

त्यांची एक खोड होती. संवाद कुणाच्या तरी तोंडावर म्हणून बघितल्याशिवाय त्यांना लिहिता येत नसे. आता चित्र काढणार कोण होतं? पण लिहिणं थांबलं नव्हतं. मी भाकरी थापत असले की समोर पाट ओढून बसायचे.

"पुष्पा, समज, तू एका राजाची राणी आहेस आणि राजा रणात पडलाय."

"नाना, समजा, मी पुष्पाच आहे आणि तवा तापलाय."

ते खदखदून हसायचे आणि माझं वाक्य राणीच्या तोंडी घालायचे. असल्या माणसावर किती दिवस रागावणार? सहा महिन्यांत अशी गत झाली, की ते पाटावर नसले तर माझी भाकरी करपायची. दुष्काळी कामावर मी खडी फोडायला जाऊ लागले, तेव्हा तिथंही यायचे. स्वतः दोन पाट्या उचलायचे आणि मग बायांना गोष्ट सांगत बसायचे. मुकादम ओरडायचा, पण गोष्ट रंगली की तोही गुमान उभा राहायचा.

एकाच गोष्टीबद्दल मात्र नाना बोलत नसत. आमच्या अंगणापलीकडच्या दोन खणांच्या घरात त्यांची बायको राहायची. राहीबाई, आमची काकी. हाडानं काटक, बोलायला तिखट, माझ्याहूनही. शेळ्या सांभाळायची, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. लग्न झाल्यावर नानांनी तिला एकदा पुण्याला नेलं होतं. आठ दिवसही न राहता ती भावाबरोबर परत आली, ती पुन्हा गेली नाही. "तिला शहर मानवलं नाही," एवढंच नाना सांगत. काकी तेवढंही सांगत नसे.

माझं माहेर राहुरीचं, दाराकडीत वाढलेली मी. इथं सून म्हणून आले, तर घरांना दारंच नाहीत, नुसत्या चौकटी. कुत्री शिरू नयेत म्हणून उंबऱ्यावर एक फळी आडवी लावायची, बस्स. चोरी करील त्याला देव बघून घेतो. माणूस आला की अंगणातून हाक मारतो, आतून 'या' आलं की आत जातो. नाना गावी आले त्या दिवशी संध्याकाळी काकीच्या चौकटीशी गेले आणि बोटानं लाकडावर टकटक केली. पुण्याची सवय, दुसरं काय!

"कोन वाजवतंय?" काकी आतून म्हणाली. "आमच्यात वाजवत नसत्यात."

नाना तसेच मागं फिरले आणि आमच्याकडे जेवायला आले. त्यानंतर दीड वर्ष रोज त्या अंगणापर्यंत जायचे, शेळीच्या पाठीवर हात फिरवायचे आणि परत यायचे. काकी ते आतून बघायची. म्हाताऱ्याला त्या घरात जायचं होतं आणि काकीच्या 'या'शिवाय जायचं नव्हतं. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची.

त्याच दुष्काळात सोनईला सिनेमाचा तंबू लागला आणि खेळ लागला नानांचाच, 'परतलेला पाहुणा'. ऐन जवानीत काढलेलं, सगळ्यात गाजलेलं चित्र. सगळं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दिवेलागणीच्या खेळाला निघालं. मी काकीच्या अंगणात जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "काकी, दोन जिल्ह्यांनी बघितलं, तुम्हीच नाही बघितलं. चला." काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं पदर खोचला आणि निघाली.

तंबूत मधे दोर बांधला होता. अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये. नाना पार पुढं, मांडी घालून बसलेले. चित्र छानच होतं, खोटं कशाला बोलू? शेवटी नायक परदेशाहून घरी परततो, भर पावसात दार ठोठावतो. आत नायिका कडीवर हात ठेवून उभी. रुसलेली. तो ठोठावतोय, ती रडतेय, कडी काही काढत नाही. तंबूतल्या बाया पदर डोळ्यांना लावून मुसमुसत होत्या. मीही.

काकी ताडकन उभी राहिली.

"खोटं हाय!" ती ओरडली. "आतनं कडी नव्हतीच! भाईरनं कुलूप हुतं!"

बायांचं मुसमुसणं थांबलं. पडद्यावरची नायिका तेवढी रडत राहिली. नानांनी मागं वळून बघितलं नाही.

परतताना ट्रॉलीत काकी माझ्याजवळ बसली आणि पहिल्यांदा बोलली. पुण्याच्या त्या खोलीत नाना सकाळी कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचे. नवंकोरं पितळी कुलूप. दिवे लागेपर्यंत ती आत कोंडलेली. "मी काय केलंवतं गं?" काकी म्हणाली. "कुनाकडं बघितलंवतं? एवढा संशय? लाजंनं मी कुनाला हाकबी मारली न्हाई. भाऊ आला, त्यानं कुलूप बघितलं आनि मला घिऊन आला. आनि आज बघते तर ह्यांनी कडी माझ्याच हातात दिली."

मला रात्रभर झोप नाही. सकाळी नाना पाटावर येऊन बसले, तशी मी परात बाजूला सारली आणि मनात होतं ते सगळं सुनावलं. समोर चुलतसासरे म्हणून पदर डोक्यावर होता, एवढीच काय ती मर्यादा.

नाना म्हणाले, "पुष्पा, मी या गावचा. कुलूप मी जन्मात हाती धरलं नव्हतं. पुण्यात बघितलं, जो तो कामाला निघताना दाराला कुलूप लावतो. मला वाटलं, जाताना लावायचंच असतं. आत माणूस असो, नसो."

मी आ वासून बघत राहिले.

"ती गेल्यावर शेजारणीनं सांगितलं, आत माणूस असताना कुणी बाहेरून कुलूप लावतं का हो, म्हणून. सगळी चाळ हसली. कंपनीत मी के. नाथ झालो होतो गं. राहीला हे सांगितलं असतं तर तिच्या भावाला कळलं असतं, गावाला कळलं असतं. संशयी नवरा म्हणवून घेणं मला परवडलं. अडाणी म्हणवून घेणं परवडलं नाही."

"उठा," मी म्हटलं.

ते उठले. अंगण ओलांडून काकीच्या चौकटीशी गेले. टकटक करायला बोट वर गेलं आणि तिथंच थांबलं. मी आमच्या उंबऱ्यातून सगळं बघत होते. लाजायचं काय त्यात?

"राही," नाना म्हणाले. "घरात हाय का?"

दीड वर्षात त्यांच्या तोंडून गावची बोली मी प्रथमच ऐकली.

"हाय," आतून आवाज आला.

"ते कुलूप... मला वाटलं, जाताना लावायचंच असतं. मला ठावंच नव्हतं. संशय न्हाई, काय न्हाई. मी येडा हुतो."

मी उंबऱ्यातून पुढं वाकले.

"एवढंच?" काकी म्हणाली.

"एवढंच."

"पस्तीस वर्सं," काकीचा आवाज फाटला, "पस्तीस वर्सं मी इचार करत बसले, माझं काय चुकलं. दुनियेला बोलायला शिकवलं तुमी. मला एवढं बोलायला काय झालंवतं?"

पाच चित्रांचे संवाद लिहिणारे नाना रडत होते, लहान पोरासारखे, नाक पुसत. मीही रडत होते, आणि तव्यावरची भाकरी जळत होती.

"आता तितं उभं ऱ्हाऊन काय?" काकी म्हणाली. "मला उघडायला हितं दार न्हाई. तुमचं तुमीच या."

नानांनी चपला काढल्या. उंबऱ्यावरची फळी उचलून बाजूला ठेवली, आत पाऊल टाकलं, आणि मागं वळून ती पुन्हा नीट लावू लागले.

"ऱ्हाऊ द्या ती," काकी आतून म्हणाली. "उघडंच असू द्या."