अक्काचा शब्द आणि माझी जीभ: सोलापूरचे तीन दिवस

सोलापूरला जायचं मी ठरवलं ते अक्काच्या सुनेच्या फोनमुळे. माझी थोरली बहीण, अक्का, तीस वर्षं शाळेत शिकवायची. गेल्या वर्षी तिला पॅरालिसिसचा झटका आला. हात-पाय सुधारले, पण शब्द ओठांशी येऊन अडकायला लागले, आणि हळूहळू तिनं बोलणं जवळजवळ सोडलंच. सून म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, माणसांत न्या. सात रस्ता चौकाजवळ दर गुरुवारी काही माणसं मिळून वाचायला बसतात. आई दोनदा जाऊन आल्या, पण अजून वाचलं नाही त्यांनी." म्हटलं, मी येते. मी असले की अक्का बोलतेच, असा माझा ठाम समज!

बुधवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा खुशाल निघा. मोडनिंबच्या पुढे गाडी चहाला थांबली. भजी गरम होती, चहा नुसतं साखरेचं पाणी. दुपारी सोलापूर. अक्का दारात उभी होती, मला बघून हसली आणि म्हणाली, "आ… आ…"

"आलीस, हो, आले!" मी म्हणाले. सगळा दिवस असाच गेला. ती सुरुवात करायची, मी पुरं करायची. मला वाटत होतं, किती मदत करतेय मी.

गुरुवारी दुपारी चारला आम्ही गेलो. तुम्हाला जायचं असेल तर पाटी शोधू नका, पाटी नाहीच. नरसम्मा काकूंचं शिवणाचं दुकान विचारा, त्याच्या माडीवर. तेवढा तासभर खालची मशिनं बंद असतात. फी नाही. सतरंजीवर दहा-बारा माणसं, मध्ये शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे तुकडे. काकूंच्या घरात तेलुगू; मराठी वाचायला त्या इथेच शिकल्या.

पुस्तक एकच. ते ज्याच्याकडे येईल त्यानं जमेल तेवढं वाचायचं, मग पुढे द्यायचं. वाचता येत नसेल तर नुसतं मांडीवर ठेवायचं, शेजारचा वाकून वाचतो. मंगळवेढ्याकडचे शंकरमामा तसंच करतात. जन्म मेंढरांमागे गेला, आता इथे एका सोसायटीत वॉचमन आहेत. बायको गेल्यावर जेवण सुटलं होतं म्हणे. "गुरवारी हितं आलो की रातच्याला भाकर गोड लागती," ते मला म्हणाले.

त्या दिवशी एका हरवलेल्या शेळीची गोष्ट चालली होती. पुस्तक फिरत फिरत अक्काकडे आलं. तिनं चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवलं. "शे… शेळी…" केवढा वेळ! पण कुणी हललं नाही. "शेळी… ओ… ओ…"

"ओढ्याकाठी!" मी म्हणाले.

अक्कानं पुस्तक मिटलं आणि शंकरमामांच्या मांडीवर ठेवलं. मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, त्येंचा शब्द त्येंच्यापाशीच हाय की. तुमी का हिसकून घेता?"

मला असला राग आला! म्हटलं, कालची ओळख नाही आणि मला शिकवता? सख्खी बहीण आहे माझी! पण नरसम्मा काकूंनी माझ्यापुढे चटणी सरकवली. "मी वाचायला शिकत होते ना, एका ओळीला सगळ्यांचा चहा गार व्हायचा. कोणी पुढचा शब्द सांगितला नाही. म्हणून तर शिकले."

अक्का त्या संध्याकाळी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. जेवतानाही मान खाली. मला रडू आलं, कारण मामांचं बरोबर होतं. सून, मुलगा, नातू, मी, घरात सगळेच तिचे शब्द आधी बोलून टाकत होतो. मग ती कशाला बोलेल?

शुक्रवारी अक्काला घेऊन एसटीनं मंगळवेढ्याला गेले, दीडेक तासाचा रस्ता. तिथली ज्वारी घेतल्याशिवाय परतू नका, भाकरी लई भारी होते. कंडक्टरनं विचारलं, "कुटं?" अक्कानं तोंड उघडलं. मी मनाशी घोकलं होतं, गप्प बसायचं, गप्प बसायचं. आणि तरी माझ्या तोंडून गेलंच, "दोन मंगळवेढा!" अक्कानं खिडकीकडे तोंड फिरवलं. जळ्ळी ही माझी जीभ!

शनिवारी पुण्याला परतले. ज्वारी डब्यात भरली, फोटो सगळ्यांना दाखवले, पण मनातून अक्काची मिटलेली मुद्रा जाईना. तिचं भलं करायला गेले आणि तिच्या हातातलं पुस्तक हिसकून आले. आता ती त्या माडीवर पुन्हा जाईल की नाही, याचीच धास्ती.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. नंबर अक्काचा. झटक्यानंतर तिनं स्वतःहून केलेला पहिला फोन.

"दो… दो…"

मी पदराचा बोळा तोंडात धरला. खरंच.

"दोन पा… पानं. वाचली."

मी गप्प. पलीकडे नुसता श्वास. फोन कट झाला की काय, असं वाटण्याइतका वेळ गेला.

"तू… नव्हतीस… म्हणून."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. तरीही थांबले, कारण तिचं अजून संपलं नव्हतं.

"पुन्हा ये. मा… मागं बस."

"बरं," एवढंच म्हणाले, आणि फोन तिनं ठेवेपर्यंत थांबले.