उजव्या हाताचा बझर

लंडनमधल्या स्टॅनमोरहून निघताना माझ्या पिशवीत हळद, तिखट, रवा आणि छोटा तवा होता. जावई रोहन आम्हाला साउथहॅम्प्टनच्या अलीकडच्या एका तळ्यावर ट्राउट धरायला नेत होता. मग मासा तळायला नको? ह्यांचं सगळं लक्ष मात्र मांडीवरच्या डबीत.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा हलका झटका आला आणि उजव्या हाताची पकड गेली. चहाचा कपसुद्धा निसटायचा. इथे लेकीकडे, सईकडे आल्यावर फिजिओबाई म्हणाल्या, बोटांना बारीक काम द्या. रोहन पडला मासेमारीचा वेडा, त्याने गळ आणि दोराच पुढ्यात ठेवला. तेव्हापासून हे बझर (पाण्यातून वर येणाऱ्या चिलटाच्या कोषाची नक्कल) बांधत बसतात. गळावर काळा दोरा, त्यावर चंदेरी तारेचे वेढे, मानेशी नारिंगी ठिपका आणि वरून माझं नेलपॉलिश! दोरा भरपूर घातला की पक्कं होतं, हा ह्यांचा हिशेब. त्यामुळे सगळे बझर गुबगुबीत.

तळ्यावर ऊन होतं, पण वारा बोचरा. शेजारी ॲलन नावाचे आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांनी डबीत डोकावून पाहिलं आणि हसले. मग काठावरचं ओंजळभर पाणी उचलून दाखवलं. त्यात जिऱ्यापेक्षा बारीक काळे कोष वळवळत होते.

"वसंतात मासे हे खातात. सडपातळ आहे का तुमच्याकडे?"

एकच निघाला. अगदी सुरुवातीचा, दोरा हातातून निसटला म्हणून अर्धवट राहिलेला.

तो दोरीला बांधताना ह्यांच्या बोटांतून दोरी दोनदा निसटली.

"बाबा, द्या ना, I'll do it. वाऱ्यात tricky असतं," रोहन म्हणाला.

"थांब रे."

मलाही हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. गाठ सुटली तर हे पुन्हा दोऱ्याला हात लावणार नाहीत, हीच भीती होती.

"आता टाका आणि काहीही करू नका," आजोबा म्हणाले. ह्यांना तेच सर्वांत अवघड. तरी बसले रॉड धरून. बऱ्याच वेळाने दोरी ताणली गेली. रॉड वाकला. गाठ टिकली!

जाळीत चांगला हातभर मासा आला. मी पिशवीकडे वळले, तर रोहन म्हणाला, "आई, इथे catch and release आहे. सोडावा लागतो."

"अरे, मग आधी सांगायचंस!"

ह्यांनी हात ओले केले आणि उजव्या हाताने मासा पाण्यातच धरला. तो धडपडला, पण निसटला नाही. मग ह्यांनीच बोटं सैल केली. आम्ही चीज सँडविचवर तिखट भुरभुरून जेवलो.

इंग्लंडात काय पाहिलंत, असं पुण्यात विचारतीलच. राजवाडे सांगेन, पूल सांगेन. हे कसं सांगायचं ते अजून ठरत नाही.

संध्याकाळी घरी आलो. दारातच सईने विचारलं, "बाबा, मासा कुठाय?"

ह्यांनी उजवा हात पुढे केला आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"आई गं! बाबा, दुखतंय," ती म्हणाली आणि हात न सोडवताच रडायला लागली.