अक्कांच्या लॉजची झडती

"आधी आंग झाकू द्या त्याले, साहेब. पाहुणा शे, चोर नई."

पोलिसांची काठी दारावर आपटायच्या आत अक्का पुढे सरकायच्या आणि स्वतःच दार हळू वाजवायच्या. जळगावात स्टँडमागे त्यांचा लॉज होता. वरच्या मजल्यावर महिन्याच्या भाड्याने मी राहायचो. तुमच्यापैकी कुणी अशा लॉजवर उतरलं असेल, तर झडती कशी असते ते ठाऊक असेल. सगळ्यांना व्हरांड्यात उभं करतात, आणि नुसत्या बनियनवरचा माणूस उगाचच गुन्हेगार दिसायला लागतो.

अक्कांकडे मात्र आधी त्यांचा अहिराणीतला आवाज यायचा, "पाहुणा, साहेब येल शेतस. सावकाश उठा."

एकदा अमळनेरचं एक म्हातारं जोडपं डोळे दाखवायला आलं होतं. नव्या शिपायाने विचारलं, "यांचं लग्न झालंय का?"

"नई भाऊ," अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "आजच पळीसन येल शेतस."

म्हातारी पदरात तोंड खुपसून हसली. शिपायालाही हसू आवरेना. आजोबा तेवढे लाजले.

हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात मी एकदा कामासाठी गेलो होतो. आमच्याकडे येणारे तेच साहेब तिथे आले. पायपुसण्यावर बूट पुसले, काउंटरवर "सगळं ठीक ना?" विचारलं, सरबत घेतलं आणि निघाले. लिफ्टकडे पाहिलंसुद्धा नाही. कायदा दोघांना एकच, पण त्याचा आवाज खोलीच्या भाड्याप्रमाणे चढतो-उतरतो. मी तावातावाने अक्कांना सांगायला गेलो. त्या उशांचे अभ्रे बदलत होत्या.

"तठे दारं वाजाडतस का?"

"वर जातच नाहीत, अक्का."

त्यांनी हातातल्या उशीला अभ्रा चढवला. मग म्हणाल्या, "मंग मन्हा पाहुणासनं काय चुकनं?"



त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी झडती आली. कोपऱ्यातल्या खोलीत रावेरची एक बाई झोपली होती. ऑपरेशन होऊन सकाळीच दवाखान्यातून सुटली होती. नवरा औषधं आणायला गेला होता. दोघांची आधार कार्डं अक्कांनी दाखवली. तरी साहेब म्हणाले, "एकटी बाई? बाहेर बोलवा तिला."

अक्कांनी खुर्ची ओढली, त्या दारापुढे ठेवली आणि तिच्यात बसल्या.

"झोपेल शे ती. तिना माणूस येवू द्या, मंग इचारा."

"अक्का, उठा. लायसन्स जाईल."

"जाऊ द्या. तिनी झोप जावाले नको." मग आवाज आणखी खाली आणून, "मोठा हाटेलमा एकटी बाई उतरनी का तिले मॅडम म्हणतस ना? आठे निदान हळू बोला."

मी जिन्यात उभा होतो. शिपाई एकमेकांकडे बघत होते. साहेबांनी खरोखरच आवाज खाली आणला, पण चेहरा लाल झाला होता. नवरा धापा टाकत आला, त्याने दवाखान्याचे कागद दाखवले, आणि सगळे खाली उतरले. आत ती बाई शांत झोपली होती. बाहेर काय झालं, ते तिला कळलंच नाही.

पुढे झडत्या वाढल्या, वर तपासण्याही. आज वायरिंग, उद्या जिना, परवा आणखी काही. पाहुणे दुसरीकडे उतरू लागले. लायसन्सचं नूतनीकरण अडलं ते अडलंच. अक्का शटर ओढून पारोळ्याला भावाकडे गेल्या. जाताना रडल्या नाहीत, फक्त चादरींच्या पुन्हा पुन्हा घड्या करत राहिल्या.

मी आता जवळच दुसऱ्या खोलीत राहतो. दार वाजलं की अजूनही आधी त्यांच्या आवाजाची वाट बघतो. तो येत नाही.

मध्यंतरी त्या शटरपुढे रावेरची ती बाई दिसली. तपासणीसाठी आली होती, हातात केळ्यांची पिशवी.

"अक्का नाहीत?"

"पारोळ्याला गेल्या. लॉज बंद झाला," मी म्हणालो.

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता कुठं उतरावं?" म्हणाली. "ऑपरेशननंतर मला पहिली झोप इथंच लागली होती."